समुद्राकडची खोली मागायची कशी?

डोंबिवलीहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय चाळिशीचं, नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, नऊ वर्षांचा एक मुलगा. दिवाळीच्या सुट्टीत ही मंडळी आणि त्यांच्या नणंदेचं कुटुंब गोव्याला एकाच हॉटेलात उतरलं. ॲपवरचा दर सारखा, खोलीचा प्रकारही एकच. नणंदेला समुद्राकडची, बाल्कनीची खोली मिळाली. यांना मागच्या बाजूची, खिडकीखाली जनरेटर असलेली. नणंदेनं काउंटरवर ‘आज आमच्या लग्नाचा वाढदिवस’ असं सांगितलं होतं, जो प्रत्यक्षात मे महिन्यात असतो. वर ‘रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, वहिनी’ असं ऐकवलंही. पुढच्या वेळी महाबळेश्वरला यांनीही तेच करून पाहिलं. खोली काही बदलून मिळाली नाही, पण रात्री जेवताना केक आला, वेटर टाळ्या वाजवत उभे राहिले आणि मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आई, पण तुमचा वाढदिवस तर डिसेंबरात असतो ना?’ केकचा घास घशाखाली उतरेना.

आता फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. पुन्हा गोवा, दहा माणसं, चार खोल्या, तीन रात्री. हॉटेल ॲपवरून घेतलंय, रद्द करता येण्यासारखं आहे. गाडीची तिकिटं अजून काढायची आहेत. नवऱ्याचं म्हणणं, ‘पैसे भरलेत त्यात मिळेल ते घ्यायचं, कुणापुढे हात पसरायचा नाही.’ नणंद म्हणते, ‘तुम्ही राहू द्या, मी बघते.’ त्या विचारतात, ‘ताई, साध्या माणसांच्या वाट्याला जनरेटरच येतो का? खोटं न बोलता आणि लाचार न होता काही चांगलं मिळवता येतं का?’

प्रिय मैत्रिणी,

हे सदर लिहायला लागण्याआधी अकरा वर्षं मी हॉटेलच्या रिसेप्शनवर काढली. तुम्ही ज्या काउंटरच्या अलीकडे उभ्या होतात, त्याच्या पलीकडे मी असायचे. म्हणून आधी तिथून काय दिसतं ते सांगते. नणंद खोटं बोलली म्हणून तिला समुद्र मिळाला आणि मी गप्प राहिले म्हणून मला जनरेटर, असं गणित तुमच्या मनात पक्कं बसलंय. ते बहुधा चुकीचं आहे.

हॉटेलात सगळ्यात स्वस्त प्रकारच्या खोल्या सगळ्यात आधी भरतात. त्यातली काही बुकिंग ऐनवेळी रद्द होणार, हे धरून कित्येक हॉटेलं त्या प्रकारच्या खोल्या असतात त्याहून थोड्या जास्तच विकतात. रद्द झाली नाहीत, की कुणाला तरी वरच्या प्रकारच्या खोलीत टाकावंच लागतं. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला त्या दिवशी येणाऱ्यांची यादी पुढ्यात घेऊन आम्ही खोल्या लावायला बसायचो. कोण कुठे, हे बरंचसं तेव्हाच ठरायचं. यादीत काही नावांपुढे शेरे असायचे: मागच्या वर्षीही आले होते, थेट फोनवरून बुकिंग, पाच रात्री मुक्काम, सोबत गुडघेदुखीच्या आजी. ज्या नावापुढे काहीच नाही, त्याला उरलेल्यातली कुठलीही खोली. तुमच्या नावापुढे काही नसणार. नणंदेच्याही नसावं. तुमच्या आधी काउंटरवर पोचलेल्या माणसाला त्या वेळी तयार असलेली खोली मिळते, एवढ्या साध्या कारणानंही हे झालेलं असू शकतं.

आणि ‘आज आमचा वाढदिवस’ हे वाक्य? चेक-इनला तुम्ही जे आधार कार्ड देता त्यावर जन्मतारीख छापलेली असते. खोटे वाढदिवस आम्हाला लगेच कळायचे. लग्नाच्या वाढदिवसाला कागद नसतो, पण सुट्टीच्या दिवसांत इतक्या जोडप्यांची लग्नं त्याच तारखेला झालेली असायची की आम्ही ते ऐकून पुढे जायचो. कुणाला काही बोलायचो नाही, शुभेच्छा द्यायचो, स्वयंपाकघरात छोट्या केकचा निरोप द्यायचो.

एक प्रसंग मात्र अजून सलतो. एक वयस्क जोडपं दोन रात्री राहून निघालं. बिल देताना काकू सहज म्हणाल्या, ‘कालच चाळीस वर्षं झाली हो आमच्या लग्नाला.’ त्यांनी येताना काही सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. आमच्याकडची शेवटची चांगली खोली आदल्याच दिवशी एका खोट्या वाढदिवसाला गेली होती. तुमच्या नणंदेला वाटतं की त्यात कुणाचं काही जात नाही. जातं. त्या दिवशी देण्यासारख्या खोल्या दोन-तीनच असतात, आणि ती कुणाला का दिली हे रिसेप्शनवरच्या मुलीला मॅनेजरला सांगावं लागतं.

आता तुमच्या यजमानांच्या बोलण्याकडे येते. हात पसरायचा नाही, यामागचा स्वाभिमान मला कळतो. पण भाजीवालीकडे मूठभर कढीपत्ता मागताना किंवा सोनाराला ‘घडणावळ थोडी कमी करा’ म्हणताना त्यांना लाचार वाटतं का? व्यवहारात विचारणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक असली आणि त्यानं ‘नाही’ म्हटल्यावर आपला चेहरा पडला नाही, तर त्यात कुणाचीच मान खाली जात नाही. मान खाली जाते ती ‘वाईट रिव्ह्यू टाकीन’ अशी धमकी देताना, किंवा पोराच्या देखत लग्नाची तारीख बदलताना. तुमचा घास तिथेच अडकला होता, आणि तो अडकला हे मला बरं वाटलं.

तुमच्या हातात तर या वेळी खरं कारण आहे. ५० वर्षं! पण फोन उचलण्याआधी सासूबाईंशी बोला. ‘चांगली खोली’ म्हणजे आपण समुद्राकडची, वरच्या मजल्यावरची समजतो. गोव्यात किनाऱ्यालगतची पुष्कळ हॉटेलं बैठी किंवा दोन-तीन मजली असतात आणि सगळीकडे लिफ्ट नसते. गुडघे दुखत असतील तर तिसऱ्या मजल्यावरचा फुकटचा समुद्र दिवसातून चार वेळा जिने चढायला लावेल. कदाचित त्यांना तळमजला हवा असेल, जेवणाच्या जागेजवळची खोली हवी असेल, बाथरूममध्ये धरायला दांडी, कमोडची सोय, आणि नातवंडं शेजारच्याच खोलीत. या गोष्टी हॉटेलला जवळजवळ फुकटात देता येतात, फक्त खोल्या लावण्याआधी कळाव्या लागतात. काउंटरवर दुपारी दोनला सांगून उपयोग नसतो, तोवर सगळं ठरून गेलेलं असतं.

म्हणून हॉटेलला थेट फोन करा, निघायच्या चार-पाच आठवडे आधी. मधल्या वारी, दुपारी चारनंतर. अकरा ते तीन या वेळात काउंटरवर चेक-आउट आणि चेक-इनची झुंबड असते, तेव्हा कुणालाही तुमचं ऐकून घ्यायला सवड नसते. रिझर्व्हेशन बघणारा माणूस किंवा मॅनेजर मागा आणि सरळ सांगा: ‘आमच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. तीन पिढ्या येतोय. चार खोल्या, तीन रात्री. ॲपवर अमुक दर दिसतोय. थेट तुमच्याकडून घेतलं तर काय करता येईल?’ आणि मग थांबा. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपणच लगेच ‘नाही जमलं तरी चालेल’ म्हणून टाकतो. बोलू द्या समोरच्याला.

थेट विचारण्यात दम आहे, कारण बुकिंगचं ॲप किंवा पोर्टल प्रत्येक बुकिंगमागे हॉटेलकडून कमिशन घेतं. आमच्याकडे पंधरा-वीस टक्के ही नेहमीची गोष्ट होती. तुम्ही थेट आलात तर त्यातला काही वाटा तुमच्याकडे वळवायला हॉटेलवाला तयार असतो. आमच्यापेक्षा स्वस्त दर दुसरीकडे द्यायचा नाही, अशी अट काही मोठी पोर्टलं हॉटेलांवर घालत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं मेकमायट्रिप-गोआयबिबोला अशा अटींबद्दल दंड केला आणि त्या काढून टाकायला सांगितलं. हॉटेलवाला दर उतरवायला तयार नसेल, तर वस्तूंवर या: दहा जणांचा नाश्ता, एखादा जादा पलंग, सासू-सासऱ्यांची खोली एका प्रकारानं वरची, परतीच्या दिवशी गाडीच्या वेळेपर्यंत एक खोली ताब्यात. चार खोल्यांच्या गिऱ्हाइकाला यातल्या दोन गोष्टी सहज मिळाव्यात. जे ठरेल ते ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आणि ते हातात येईपर्यंत ॲपवरचं बुकिंग रद्द करू नका. रद्द करण्याची शेवटची तारीख आजच बघून ठेवा.

फोन नंबर हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधताना वर येणारे नंबर आणि हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं यांतून लोक फसतात. आगाऊ रक्कम कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितली तर थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

दर ठरवताना एक आकडा लक्षात ठेवा: ७,५००. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के, तोही सगळ्या रकमेवर. समजा खोली ७,८०० ला आहे. कर धरून ती ९,२०४ ला पडते. तीच ७,५०० ला मिळाली तर ७,८७५ ला. हॉटेलवाल्यानं फक्त ३०० रुपये सोडले आणि तुमचे वाचले १,३२९. चार खोल्या, तीन रात्री धरल्या तर १५,९४८ रुपये. तुमचा दर या रेषेच्या जरा वर असेल तर हे गणित फोनवर मोकळेपणानं मांडा. समोरच्याला ते आपल्याआधी माहीत असतं, आणि त्याच्या खिशातून फार काही जात नाही.

तारखा हलवता येत असतील तर शुक्रवार ते सोमवार टाळा. रविवारी दुपारी गोव्यातून मुंबई-पुण्याची गर्दी निघते, आणि रविवार ते बुधवार राहणाऱ्याला तोच हॉटेलवाला वेगळ्या आवाजात उत्तर देतो. वाढदिवस शनिवारी येत असेल तर मुलांची शाळा आणि सासू-सासऱ्यांचं मन, दोन्ही बघून ठरवा. पैशापायी दिवस चुकवू नका. कार्निव्हल कधी फेब्रुवारीत तर कधी मार्चच्या तोंडावर येतो. तो तुमच्या तारखांना भिडत नाही ना, तेही बघा. त्या चार दिवसांत कुणी काही सोडत नाही.

आता गाडी. हे काम यजमानांकडे द्या, त्यांना आवडेल, कारण इथे कुणाला काही विचारावं लागत नाही. रेल्वेचं तिकीट काढताना ‘ऑटो अपग्रेडेशन’चा पर्याय असतो. पूर्ण भाडं भरलेल्या प्रवाशाला, चार्ट बनताना वरच्या वर्गात जागा रिकाम्या राहिल्या तर, एक पैसा न घेता तिथे बसवतात. पीएनआर तोच राहतो. ना ओळख लागते, ना वाढदिवस. तरी तुमच्या बाबतीत मी जरा सांभाळून राहीन. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे दहा जणांची किमान दोन तिकिटं होणार. एक वर गेलं आणि एक खाली राहिलं तर घर दोन डब्यांत विभागेल. शिवाय वरच्या वर्गात लोअर बर्थ मिळेलच असं नाही. सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं, दोघांचंच काढा. ज्येष्ठांच्या लोअर बर्थचा कोटा एकट्यानं किंवा दोघांनी मिळून काढलेल्या तिकिटाला लागू होतो (पुरुष ६०, स्त्रिया ४५ वर्षांपुढे). सगळ्यांबरोबर एकाच तिकिटावर घातलंत तर तो हातचा जातो. त्यांच्या तिकिटाला अपग्रेड नको म्हणा. बाकीच्यांनी हवं तर नशीब आजमावावं. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. ठाण्याहून कोकणकन्या किंवा मांडवी धरायची असेल तर त्या दिवशी सकाळी आठला यजमानांनी तयार बसावं.

नणंदेबद्दल थोडं. त्यांना दिवाळीचं ऐकवायला जाऊ नका. फोन तुम्ही करणार, एवढंच ठरवा, आणि ते आधीच सांगा: ‘या वेळी हॉटेलशी मी बोलतेय, तुम्ही आई-बाबांच्या कार्यक्रमाचं बघा.’ एका बुकिंगवर दोन माणसं बोलायला लागली की हॉटेलवाला गोंधळतो, आणि दिलेली गोष्टही निसटते. त्यांची धिटाई मात्र कामाची आहे. ठरलेली खोली ऐनवेळी मिळाली नाही, तर लिहून घेतलेला मेसेज दाखवून ठामपणे बोलायला अशी माणसंच लागतात.

अशीच पत्रं इतरांचीही येतात, म्हणून दोन-तीन गोष्टी त्यांच्यासाठी. विमानात चांगले कपडे घालून, गोड बोलून वरच्या वर्गात जागा मिळते, अशी समजूत आहे. आपल्याकडच्या कितीतरी देशांतर्गत विमानांत वरचा वर्गच नसतो. त्यापेक्षा हक्काचं काय आहे ते पाठ करा. जास्त तिकिटं विकल्यामुळे विमान कंपनीनं तुम्हाला चढू दिलं नाही आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमानही दिलं नाही, तर भरपाई मिळते. २४ तासांच्या आतलं विमान दिलं तर मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्यापुढचं दिलं तर चौपट, कमाल २०,०००. वरच्या वर्गाचं तिकीट काढून देशांतर्गत विमानात खालच्या वर्गात बसवलं, तर तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत. काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

हॉटेलातल्या जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावला असेल तर काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच तो सक्तीनं लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. ते पैसे हवे तर वाढणाऱ्याच्या हातात द्या.

आणि मॉलमध्ये कूपन भरून ‘तीन रात्री फुकट’ जिंकलेल्यांनी जपा. माझ्या सख्ख्या भावाला असा फोन आला होता. गिफ्ट घ्यायला जोडीनं या, म्हणाले. तीन तास एका खोलीत बसवून ठेवलं, थंड पेयं पाजली, आणि हॉलिडे क्लबच्या पंचवीस वर्षांच्या सदस्यत्वावर त्याच संध्याकाळी सही करून घेतली, कारण म्हणे ‘ही ऑफर आजच्यापुरतीच’. सुट्टीच्या दिवसांत त्याला कधी खोली मिळाली नाही, दर वर्षीची देखभालीची रक्कम मात्र न चुकता मागितली गेली. घरी कागद नेऊन वाचू देत नाहीत, तिथून उठून यावं.

मैत्रिणी, आता मुलाचं. तुम्ही लिहिलंय की तुम्ही त्याला नंतर ‘गंमत केली’ असं सांगितलंत. नऊ वर्षांच्या मुलाला ती गंमत नव्हती हे कळलेलं असतं. त्याला सांगा की आई तेव्हा खोटं बोलली, आणि तिला ते आवडलं नाही. मग हॉटेलला फोन करताना त्याला शेजारी बसवा, स्पीकर चालू ठेवा. समोरून काही गोष्टींना ‘हो’ येईल, काहींना ‘नाही’ येईल, दोन्ही त्याला ऐकू दे. कुणी मनापासून मदत केली तर त्या माणसाचं नाव विचारून घ्या आणि परतल्यावर त्याच्या नावानिशी दोन ओळी हॉटेलला लिहा. अशा पत्रांच्या प्रती मी अकरा वर्षं जपून ठेवल्या होत्या, वर्षाच्या शेवटी पगारवाढीच्या वेळी त्या साहेबांपुढे ठेवता यायच्या.

केकचं मात्र मागू नका. तो विकत घ्या. किंवा मडगावच्या बाजारातून बेबिंका, म्हणजे गोव्याची थरांची मिठाई, आणा, सासऱ्यांना दात असोत-नसोत, खाता येईल. पैसे तुमच्या बिलात येऊ देत, आणि आजी-आजोबांपुढे तो मुलाच्या हातानं ठेवा.

तुमची,
ताई